‘द वॉर गेम’ का थांबला, आणि पुढे काय झालं: पीटर वॉटकिन्सच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

२६ नोव्हेंबर १९६५ रोजी बीबीसीने जाहीर केलं की ‘द वॉर गेम’ हा ब्रिटनवरच्या कल्पित अणुहल्ल्याचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार नाही. चित्रपट तयार होता. बीबीसीच्याच पैशाने, तिच्याच माहितीपट विभागात तो झाला होता आणि लांबी जेमतेम ४८ मिनिटांची होती. दिग्दर्शक पीटर वॉटकिन्स तीस वर्षांचा होता आणि १९६३ साली नोकरीत आला होता. पुढच्या दीड वर्षाच्या आत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. बीबीसीवर मात्र तो ३१ जुलै १९८५ रोजी दिसला.

माहितीपट आणि नाट्य यांच्या सीमेवर काम करणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने बघावं, कारण यात दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या दिसतात. पहिली म्हणजे वॉटकिन्सची पद्धत: घडवून आणलेला प्रसंग बातमीसारखा चित्रित करायचा आणि नवख्या माणसांकडून तो जगवून घ्यायचा. ही पद्धत शिकता येते, वापरता येते, तिच्या चुकाही सांगता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रपट दाखवायचा की नाही हे ठरवणारा हात. तो हात वॉटकिन्सचा जवळजवळ कधीच नव्हता. त्याची सगळी कारकीर्द या दोन गोष्टींच्या ताणात गेली.

पद्धत आली कुठून

वॉटकिन्सचा जन्म १९३५ सालचा, इंग्लंडमधल्या सरी परगण्यातला. त्याने अभिनयाचं शिक्षण घेतलं आणि सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात कँटरबरीतल्या हौशी नाट्यमंडळींशी त्याचा संबंध आला. पुढे याच मंडळींना घेऊन त्याने हौशी लघुपट केले. त्यातला ‘द फरगॉटन फेसेस’ (१९६१) या प्रकरणासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. विषय होता १९५६ चा हंगेरीतला उठाव, आणि चित्रीकरण झालं कँटरबरीच्या गल्लीबोळांत. बुडापेस्ट उभं करायला पैसे नव्हते. मग शहर दाखवायचंच नाही, चेहरे दाखवायचे, हा मार्ग त्याने घेतला. चौकट जवळची ठेवायची, मागे भिंतीचा एखादा तुकडा, बाजूने कोणीतरी धावत जातंय, कॅमेरा किंचित उशिराने वळतो. वृत्तचित्रणाच्या छायाचित्रकाराला घटना आधी माहीत नसते, त्यामुळे तो नेहमी थोडा मागे असतो. हा मागेपणा वॉटकिन्सने मुद्दाम रचला.

या कामाच्या जोरावर त्याला बीबीसीत जागा मिळाली आणि १५ डिसेंबर १९६४ रोजी त्याचा ‘कलोडन’ प्रक्षेपित झाला. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमध्ये सरकारी फौज आणि डोंगराळ टोळ्यांचे बंडखोर यांच्यात तासाभरात निकाली निघालेली लढाई त्यात अशी दाखवली आहे, की जणू अठराव्या शतकात दूरचित्रवाणीचं पथक रणांगणावर हजर आहे. सैनिक कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, प्रश्न विचारणारा चौकटीबाहेर असतो, आणि कोणाच्या हातात कोणतं शस्त्र आहे, कोणाकडे किती जमीन आहे हे निवेदक कोरड्या आवाजात सांगतो. डोंगराळ टोळ्यांच्या भूमिकांसाठी त्याने इनव्हर्नेस भागातली माणसं घेतली. हजारोंच्या फौजा जवळच्या चौकटी, धूर आणि आवाज यांच्या आधारे मोजक्या माणसांतून उभ्या केल्या. छायाचित्रण डिक बुश यांचं, संकलन मायकेल ब्रॅडसेल यांचं आणि मारामारीची आखणी डेरेक वेअर यांची. ब्रॅडसेल आणि वेअर पुढच्या चित्रपटातही होते.

‘कलोडन’चं कौतुक झालं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कत्तलीवर फारसं कोणी हरकत घेतली नाही. त्याच पद्धतीने वॉटकिन्सने पुढच्या, अजून न झालेल्या युद्धाकडे कॅमेरा वळवला.

‘द वॉर गेम’ कसा बांधला

माहितीपट विभागाचे प्रमुख ह्यू वेल्डन यांच्या पाठबळाने काम सुरू झालं. विषय होता ब्रिटनवर अणुहल्ला झाला तर केंट परगण्यात काय होईल. गृहखात्याकडून फारसं सहकार्य मिळालं नाही, म्हणून वॉटकिन्सने दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या नोंदींचा आधार घेतला: जर्मनीतल्या हॅम्बर्ग, कॅसल, डार्मस्टाट आणि ड्रेस्डेनवरच्या बॉम्बफेकीनंतर उठलेली अग्निवादळं, आणि हिरोशिमा व नागासाकी. चित्रपटातलं भविष्य जवळजवळ सगळं भूतकाळातून घेतलेलं आहे, आणि त्याची सगळी ताकद त्यात आहे. हल्ल्यानंतर मृतांच्या लग्नाच्या अंगठ्या बादलीत गोळा केल्या जातात. हा प्रसंग ड्रेस्डेनमध्ये घडलेला असल्याचं निवेदन सांगतं.

आता प्रत्यक्ष रचना. चित्रपटात पाच प्रकारचं साहित्य आहे आणि प्रत्येकाची दृश्यभाषा वेगळी आहे.

एक, घडवून आणलेले प्रसंग. यात स्थलांतर, हल्ला, आग, उपासमार आणि दंगल येते. हे सगळं हातातल्या कॅमेऱ्याने, कृष्णधवल, दाणेदार चित्रित केलं आहे. सुरुवातीला मोटारसायकलवरून निरोप घेऊन आलेल्या पोलिसामागे कॅमेरा इमारतीत शिरतो आणि न थांबता बैठकीपर्यंत जातो. इथे कट नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की पथक खरोखर तिथे होतं.

दोन, रस्त्यावरच्या सामान्य लोकांच्या मुलाखती. किरणोत्सर्गी पदार्थाचं नाव घेऊन तो शरीराला काय करतो हे विचारल्यावर माणसं गोंधळतात, नकळत हसतात, माहीत नाही म्हणतात.

तीन, मान्यवरांची विधानं. धर्मगुरू आणि संरक्षणाचे अभ्यासक यांनी प्रत्यक्षात मांडलेली मतं अभिनेत्यांच्या तोंडी येतात, आणि ती दाखवण्याची तऱ्हा मुद्दाम उलटी आहे: कॅमेरा स्थिर, उजेड नीटनेटका, माणूस व्यवस्थित बसलेला. प्रेक्षकाला सवयीने जे विश्वासार्ह वाटतं ते सगळं या चौकटीत आहे आणि बोलणं मात्र भयंकर आहे. शेजारीच धडपडणाऱ्या कॅमेऱ्यातला, रचलेला प्रसंग आहे आणि तो खऱ्या नोंदींवर उभा आहे. माझ्या मते चित्रपटाचा सगळा युक्तिवाद या दोन चौकटींच्या जोडणीत आहे. डॉक्युड्रामा, म्हणजे माहितीपटाच्या शैलीतलं नाट्य, करणारे बहुतेक जण फक्त पहिली चौकट उचलतात.

चार, पडद्यावर लिहून येणारी वाक्यं: उद्धृतं, आकडे, सरकारी सूचना.

पाच, निवेदन. यातला एक आवाज मायकेल अ‍ॅस्पेल यांचा आहे. ते त्या काळी बीबीसीवर बातम्या वाचत, म्हणजे प्रेक्षकांना रोज बातमी सांगणारा आवाज इथेही सांगत होता. पण निवेदनाची भाषा काटेकोर आहे. जे घडू शकतं ते ‘असं होऊ शकेल’ असं, जे घडलेलं आहे ते शहराच्या नावासह. या दोन काळांची सरमिसळ झाली असती तर चित्रपटावर खोटेपणाचा आरोप ठेवणं सोपं गेलं असतं.

कथानकातही अचूकता आहे. हेतुपुरस्सर निवडलेल्या शहरावर बॉम्ब पडतो असं दाखवलेलं नाही. मॅन्स्टनच्या विमानतळाकडे निघालेलं क्षेपणास्त्र भरकटतं आणि हवेत फुटतं; गॅटविक विमानतळाकडे निघालेलं दुसरं केंटमधल्या रॉचेस्टरवर पडतं. मग अग्निवादळ. त्याची क्रिया प्रेक्षकाला समजेल अशी उलगडली आहे: अनेक आगी एकत्र येतात, तापलेली हवा वेगाने वर जाते, ती जागा भरायला चारी बाजूंनी वारा आत खेचला जातो, आणि मधल्या भागात प्राणवायू कमी पडून विषारी वायू वाढतो. अग्निशामक दलाची माणसं जळण्याआधी गुदमरून कोसळतात. केवळ ज्वाळा दाखवल्या असत्या तर तो साधा युद्धपट झाला असता. कारण कळल्यामुळे प्रसंग अंगावर येतो.

नवख्या माणसांसोबतचं काम

केंटमधल्या गावोगावी सभा घेऊन वॉटकिन्सने शेकडो लोकांना या कामात ओढलं. या पद्धतीच्या पायऱ्या त्याच्या पुढच्या चित्रपटांत अधिकाधिक स्पष्ट होत गेल्या. वापरू इच्छिणाऱ्यासाठी त्या अशा आहेत.

आधी विषय सांगायचा, भूमिका नंतर. माणसाला विषयाबद्दल काय वाटतं ते ऐकायचं आणि त्या मताशी जुळणारी भूमिका द्यायची. १९७० साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या ‘पनिशमेंट पार्क’मध्ये (१९७१) राजकीय कैदी आणि त्यांचा निवाडा करणारं मंडळ समोरासमोर बसतं. दोन्ही बाजूंना स्वतःचीच मतं बोलायला दिली होती, आणि चित्रीकरणाआधी त्यांची फार गाठ पडू दिली नव्हती. कॅमेरा जोन चर्चिल यांच्याकडे होता. तिथली भांडणं लिहून येणार नाहीत अशी आहेत.

मग माणसाला माहिती द्यायची, संवाद नाही. बेकरीवाला असेल तर त्या वर्षी पिठाचा भाव काय होता, त्याच्याकडे किती जण कामाला होते, गल्लीत कोण उपाशी होतं. एवढं पक्कं असलं की कॅमेऱ्यामागून आलेल्या प्रश्नाला तो स्वतः उत्तर देतो. प्रश्न आधी सांगायचा नाही, पण विषय सांगायचा. विषयही लपवला तर माणूस घाबरतो आणि एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो.

आणि शक्यतो प्रसंगांच्या क्रमाने चित्रीकरण करायचं. व्यावसायिक अभिनेता शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी करू शकतो. नवख्याचा थकवा, राग, ओळखी हे सगळं दिवसागणिक साचतं आणि तेच पडद्यावर येतं. निर्मितीच्या दृष्टीने हे महाग पडतं, कारण एकाच जागेकडे पुन्हा पुन्हा परतावं लागतं. त्यामुळे एकाच ठिकाणी सगळं उभं करता येईल अशी कथा निवडणं हा या पद्धतीचा भाग आहे, सोय म्हणून केलेली तडजोड नव्हे.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त कॅमेऱ्यात. छायाचित्रकाराला तालीम दाखवली की तो नकळत योग्य जागी आधीच पोहोचतो. मग त्याला हलायला सांगितलं जातं आणि हलणं खोटं दिसतं. उपाय असा, की माणसांची तालीम करायची पण छायाचित्रकाराला बाहेर ठेवायचं, किंवा त्याला फक्त एक माणूस नेमून द्यायचा आणि बाकी हालचाल त्याच्या पाठीमागून होऊ द्यायची. दुसरी चूक ध्वनीत होते. चित्र धडपडणारं आणि संवाद मात्र स्टुडिओसारखे स्वच्छ असले तर भ्रम लगेच तुटतो. खरा पथकप्रमुख ज्या अंतरावर असेल त्या अंतराचा आवाज हवा, मागचा गोंगाट हवा, वाक्य अर्धवट तुटायला हवं. तिसरी चूक संकलनात. नवखा कलाकार बोलण्याआधी थांबतो, नजर खाली नेतो. तो थांबा कापला की उरतं ते पाठ केल्यासारखं वाक्य.

एक धोका नैतिक आहे. स्वतःची मतं बोलायला लावलेली माणसं चित्रीकरण संपल्यावर त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहतात. संमतिपत्र आधीच घेतलेलं असतं, पण चित्रीकरणात माणूस काय बोलून जाईल हे त्याला तेव्हा माहीत नसतं. म्हणून संमती दोनदा घ्यावी: कामाआधी, आणि संकलनाचा पहिला मसुदा दाखवून झाल्यावर.

थांबवण्याची प्रक्रिया

बीबीसीचे अध्यक्ष तेव्हा लॉर्ड नॉर्मनब्रूक होते. ते पूर्वी मंत्रिमंडळाचे सचिव राहिलेले. २४ सप्टेंबर १९६५ रोजी त्या पदावरचे तत्कालीन अधिकारी सर बर्क ट्रेंड आणि विविध खात्यांच्या अधिकाऱ्यांना चित्रपट दाखवण्यात आला. दोन महिन्यांनी जाहीर झालेल्या निर्णयात कारण होतं ते चित्रपटाच्या भीषणतेचं: घरात एकट्या असलेल्या, वृद्ध किंवा मनाने हळव्या प्रेक्षकांवर काय परिणाम होईल याचं. निर्णय स्वतःचा आहे, सरकारचा नाही, असं बीबीसीने सांगितलं. नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांतून सरकारशी झालेली सल्लामसलत दिसते. दबाव किती होता आणि अंतिम शब्द कोणाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

चित्रपटकर्त्याच्या बाजूने पाहिलं तर त्या वादाइतकीच महत्त्वाची दुसरी बाब आहे. वॉटकिन्स नोकर होता. निगेटिव्ह संस्थेचं होतं, प्रक्षेपणाचा निर्णय संस्थेचा होता, परदेशात विकायचं की नाही हेही संस्थाच ठरवणार होती. त्याच्याकडे राजीनामा आणि वर्तमानपत्रं एवढंच होतं. त्याने दोन्ही वापरलं आणि बीबीसी सोडली.

फेब्रुवारी १९६६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाले. समीक्षक केनेथ टायनन यांनी चित्रपटाची जोरदार पाठराखण केली. मग ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमार्फत चित्रपटगृहांत आणि इतरत्र वितरणाला परवानगी मिळाली. दूरचित्रवाणी मात्र बंदच राहिली. यानंतरचा प्रवास वितरणाच्या अंगाने फार शिकवणारा आहे. १६ मिमीच्या प्रिंट फिल्म सोसायट्यांकडे, अण्वस्त्रविरोधी गटांकडे, महाविद्यालयांकडे आणि चर्चच्या सभागृहांकडे फिरू लागल्या. सोबत एक प्रोजेक्टर, एक चालवणारा, आणि नंतर चर्चा. ४८ मिनिटांची लांबी इथे उपयोगी पडली, कारण संध्याकाळच्या दोन तासांत चित्रपट होऊन वर तासभर बोलणं होत असे. एका रात्रीत लाखो लोकांनी पाहायचा कार्यक्रम वीस वर्षं लहान लहान गटांनी पाहिला.

पुरस्कारांची गंमत अशी, की व्हेनिसला विशेष पारितोषिक, ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट लघुपट, आणि १९६७ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीचा माहितीपट. एकच चित्रपट दोन देशांत दोन वेगळ्या खणांत गेला, आणि त्यातले बहुतेक प्रसंग घडवून आणलेले होते. आज डॉक्युड्रामा महोत्सवांना पाठवणाऱ्याला हीच अडचण येते. अर्जात कोणता प्रकार निवडायचा हे चित्रपट संपल्यावर नव्हे, तर संहिता लिहिताना ठरवावं, कारण पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाशी जो करार होतो तो त्यावर अवलंबून असतो.

भटकंतीची वर्षं

ब्रिटनमध्ये त्याने ‘प्रिव्हिलेज’ (१९६७) केला आणि मग देश सोडला. स्वीडनमध्ये ‘द ग्लॅडिएटर्स’ (१९६९), अमेरिकेत ‘पनिशमेंट पार्क’, नॉर्वे-स्वीडनच्या दूरचित्रवाणीसाठी ‘एडवर्ड मुंक’ (१९७४), डेन्मार्कमध्ये ‘इव्हनिंग लँड’ (१९७७). ही यादी समृद्ध दिसते, पण तिच्यात एकाही निर्मितीसंस्थेशी टिकलेलं नातं नाही. दर वेळी नवा देश, नवी भाषा, नवे तंत्रज्ञ. स्वतंत्र दिग्दर्शकाची ही खरी किंमत असते. प्रत्येक चित्रपटासाठी विश्वास शून्यापासून कमवावा लागतो.

‘एडवर्ड मुंक’ यातला सर्वांत स्थिरावलेला चित्रपट आहे. दूरचित्रवाणीची आवृत्ती २१० मिनिटांची. नॉर्वेजियन चित्रकार मुंकच्या रोजनिशीतली वाक्यं, त्याच्या काळातल्या क्षयरोगाच्या आणि कामगार मुलांच्या नोंदी, आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलणारे नवखे नॉर्वेजियन कलाकार. मुंकच्या चित्रांवर तुटून पडणाऱ्या समकालीनांच्या भूमिका वॉटकिन्सने अशा लोकांना दिल्या, ज्यांना ती चित्रं खरोखर आवडत नव्हती. भूमिकेआधी मत, हा नियम पुन्हा तोच. छायाचित्रकार ओड गाइर सेटर पंचवीस वर्षांनी ‘ला कम्यून’मध्ये वॉटकिन्ससोबत पुन्हा दिसतात.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश वाहिनीसाठी अणुयुद्धावर नवा चित्रपट करायची योजना फिसकटली. तिच्यातून ‘द जर्नी’ (१९८७) निघाला. लांबी साडेचौदा तास. अनेक देशांतले समर्थक गट पैसे गोळा करत, घरं देत, जेवण देत, आणि संकलनाला कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा आधार मिळाला. निर्मितीचं हे रूप प्रेरणादायी आहे हे खरंच. पण साडेचौदा तासांचा चित्रपट कोणत्याही वाहिनीच्या वेळापत्रकात बसत नाही, हेही तितकंच खरं.

वॉटकिन्सला ते वेळापत्रकच मान्य नव्हतं. वेगवान कट, सतत वाजणारा आवाज, आणि ४७ किंवा ५२ मिनिटांच्या ठरलेल्या साच्यात कापलेला प्रत्येक विषय, या सगळ्याला तो ‘मोनोफॉर्म’ म्हणत असे. त्याचं म्हणणं होतं की या साच्यात प्रेक्षकाला विचार करायला जागाच उरत नाही. हा मुद्दा मला पटतो, आणि ज्याने कधी मुलाखतीतला मौनाचा क्षण वाहिनीच्या सूचनेवरून कापला आहे त्यालाही तो पटेल.

‘ला कम्यून’: पद्धत पूर्ण, पेच तोच

१९९९ च्या जुलैमध्ये पॅरिसजवळच्या माँत्रय इथल्या एका बंद कारखान्यात वॉटकिन्सने १८७१ चं पॅरिस कम्यून, म्हणजे बंड करून शहर ताब्यात घेतलेल्या पॅरिसकरांची अल्पकाळची राजवट, उभं केलं. तिथेच पूर्वी चित्रपटाच्या आरंभकाळातले दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांचा स्टुडिओ होता. चित्रीकरण १३ दिवस चाललं, सहभागी २२० हून अधिक आणि त्यातले बहुसंख्य अभिनयाचा अनुभव नसलेले. २००० साली पूर्ण झालेल्या चित्रपटाची लांबी ३४५ मिनिटं.

१३ दिवसांत पावणेसहा तास कसे निघाले, हे समजून घेण्यासारखं आहे. सगळं एका छताखाली होतं. खोल्या, गल्ली, शाळा, बॅरिकेड एकमेकांना जोडलेले. दिवे वर टांगलेले आणि उजेड सगळीकडे सारखा, म्हणजे कॅमेरा कुठेही वळला तरी दिवा हलवायला नको. मोठ्या पथकाचा दिवसातला सर्वांत जास्त वेळ दिवे बदलण्यात जातो, तो इथे वाचला. कॅमेरा १६ मिमीचा, चित्र कृष्णधवल. कॅमेऱ्याला लावायच्या ४०० फूट फिल्मच्या एका डब्यात (मॅगझिनमध्ये) सेकंदाला २४ चौकटींनी सुमारे ११ मिनिटं मावतात, आणि टेक त्या मर्यादेपर्यंत सलग चालत. चित्रीकरण घटनांच्या क्रमाने. खरी मेहनत चित्रीकरणाआधीची होती. कित्येक महिने सहभागींनी स्वतःच्या भूमिकेचा, पेशाचा आणि वस्तीचा अभ्यास केला आणि गटागटाने चर्चा केल्या. कम्यूनच्या विरोधातल्या भूमिकांसाठी पुराणमतवादी वाचकवर्ग असलेल्या ‘ल फिगारो’सारख्या दैनिकात जाहिराती दिल्या गेल्या, म्हणजे विरोधही खऱ्या विरोधकांकडून यावा.

आणि मध्यभागी एक युक्ती: १८७१ मध्ये दोन दूरचित्रवाणी वाहिन्या आहेत, कम्यूनची एक आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्या, व्हर्सायला बसलेल्या सरकारची एक. बातमीदार चित्रपटातलं पात्र झाला. ‘द वॉर गेम’मध्ये जो आवाज चौकटीबाहेर राहून विश्वास मिळवत होता, त्याच्यावर इथे पात्रंच प्रश्न विचारतात: तुम्ही एवढ्या घाईत का, आमचं बोलणं का कापता? अधूनमधून सहभागी भूमिकेतून बाहेर येऊन स्वतःच्या आजच्या कामाबद्दल, बेकारीबद्दल, कागदपत्रांविना राहण्याबद्दल बोलतात. ‘कलोडन’पासून चाललेली पद्धत इथे शेवटापर्यंत पोहोचते.

प्रक्षेपण? आर्ते या वाहिनीने सहनिर्मिती केली होती. रचनेवरून मतभेद झाले, आणि २६ मे २००० रोजी चित्रपट रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे चारच्या सुमारास संपला. कोणी बंदी घातली नाही. वेळ अशी दिली की पाहणारा उरू नये. ३५ वर्षांत दारावरचा माणूस बदलला, दार तेच राहिलं.

फरक एका गोष्टीत पडला. चित्रपटातल्या काही सहभागींनी ‘रेबाँ पूर ला कम्यून’ नावाची संघटना काढली. चित्रपट घेऊन फिरणं, खेळांनंतर चर्चा घडवणं, विषय पुढे नेणं हे काम त्यांनी अंगावर घेतलं. अणुयुद्धविरोधी गटांनी ‘द वॉर गेम’साठी जे बाहेरून केलं होतं ते इथे कलाकारांनीच आतून केलं. नंतर चित्रपटगृहांसाठी एक छोटी आवृत्तीही निघाली.

करारात काय लिहायला हवं

या प्रकरणातून निघणाऱ्या अटी कोणत्याही सहनिर्मितीत मागता येतात. सगळ्या मिळतील असं नाही, पण मागितल्याशिवाय एकही मिळत नाही.

पहिली अट हक्क परत येण्याची. पैसे देणाऱ्याने चित्रपट पूर्ण झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत, समजा १८ किंवा २४ महिन्यांत, दाखवला नाही, तर प्रक्षेपणाचे हक्क दिग्दर्शकाकडे किंवा निर्मात्याकडे परत यावेत. ‘दाखवणे’ म्हणजे काय हेही लिहावं: कोणत्या वेळेच्या आत, कोणत्या लांबीत. वेळ न लिहिलेला करार आर्तेसारख्या रात्रीच्या प्रक्षेपणाने पूर्ण होतो.

दुसरी, हक्कांचे तुकडे करण्याची. दूरचित्रवाणी, चित्रपटगृह, इंटरनेट, आणि शाळा-महाविद्यालयं व फिल्म सोसायट्यांमधले खेळ हे चार वेगळे हक्क आहेत. शेवटच्या हक्काची किंमत गुंतवणूकदार सहसा फार कमी लावतात, त्यामुळे तो स्वतःकडे ठेवणं सर्वांत सोपं असतं. ‘द वॉर गेम’ दोन दशकं जिवंत राहिला तो याच वाटेने, आणि ती वाट उघडायलासुद्धा बीबीसीची परवानगी लागली होती.

तिसरी, साहित्य कोणाकडे राहणार याची. मूळ मास्टर, ध्वनीचे वेगळे ट्रॅक, संकलनाची फाइल आणि न वापरलेलं चित्रीकरण. ही प्रत स्वतःकडे असेल तर पुढे नवी लांबी, नवी उपशीर्षकं, नवं रूपांतर शक्य होतं. नसेल तर परत आलेला हक्कही कागदावरच राहतो.

आणि डॉक्युड्रामासाठी एक खास अट: प्रत्येक घडवून आणलेल्या प्रसंगाचा आधार, तारीख आणि उगम नोंदवलेली वही कराराला जोडावी आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर सह्या कराव्यात. चित्रपट भयंकर आहे असा आक्षेप आला की तो मताचा प्रश्न राहतो. चित्रपट खोटा आहे असा आक्षेप आला की दिग्दर्शकाने ती वही टेबलावर ठेवावी, आणि चर्चा पान क्रमांकाने व्हावी.